बाईंचा हिस्सा : बोपोडीतल्या एका ख्रिस्ती कुटुंबाचं प्रकरण

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, खजिनदारांनी आपल्या आईचा अंगठा हक्कसोडपत्रावर घ्यायचं ठरवलं. आईला स्मृतिभ्रंश होता. साक्षीदार म्हणून त्यांनी मंडळीतल्याच दोन वडीलधाऱ्यांना विचारलं आणि त्यांतल्या एकाने सही करायला नकार दिला. घटना एवढीच. पण त्या नकारानंतर एका घरात आणि आमच्या मंडळीत जे घडत गेलं ते इतर ठिकाणच्या पाळकांना, कमिटीवर बसणाऱ्यांना आणि घरात आजारी माणूस असलेल्या विश्वासी कुटुंबांना उपयोगी पडेल असं मला वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते. कुटुंबातल्या सगळ्यांनी हे वाचून संमती दिली आहे. नाव कोणाचंच घेत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. निवृत्तीनंतर मंडळीच्या घरभेटीचं काम पाहते.

घरातली माणसं

खजिनदारांच्या आई शाळेत शिकवायच्या, म्हणून अख्ख्या वस्तीच्या त्या बाई. माहेर नगर जिल्ह्यातलं. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू केलं, त्यातून पुढे गावोगावी ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांपैकी एकीत त्यांचं बालपण गेलं. वडील शाळामास्तर. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात शास्त्रवाचन, मग पेटीवर भजन. नारायण वामन टिळकांनी अभंग, पदं आणि कीर्तन मराठी उपासनेत आणलं, ते अशा घरांतल्या मुलांना अक्षरओळखीच्याही आधी पाठ व्हायचं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

लग्न होऊन बाई खडकीला आल्या. यजमान दारूगोळा कारखान्यात होते. १८६९ सालच्या त्या कारखान्यामुळे खडकी, बोपोडी, दापोडी या पट्ट्यात बाहेरगावची कितीतरी कुटुंबं येऊन वसली. यजमानांनी फंडातून पैसे काढून बोपोडीत एका सोसायटीत फ्लॅट घेतला. ते मृत्युपत्र न करता वारले. मुलं तीन. थोरले दादा चिंचवडच्या एका कंपनीत, मधल्या ताई नगरला दिलेल्या, धाकटा मस्कतला. बाई दादांकडे राहतात असं सगळे म्हणत. खरं पाहिलं तर दादा आणि वहिनीच बाईंच्या घरात राहत होते.

दादा मंडळीचे खजिनदार. हिशेबाला चोख. प्रभुभोजनाच्या टेबलाची तयारी, नाताळात घरोघरी जाणाऱ्या कॅरोलच्या चमूची सोय, कब्रस्तानातली कागदपत्रं, कोणाच्या मुलीच्या लग्नाचा हॉल, सगळीकडे दादा. आठवड्यातल्या पाच संध्याकाळी ते मंडळीच्या कामात असत. बाईंचं आंघोळपाणी, औषध, भरवणं, रात्रीचं उठणं हे सगळं वहिनींकडे होतं आणि त्याबद्दल आम्ही कधी बोललोही नव्हतो.

दुखणं

बाईंचा आजार नेहमीच्या वाटेने आला. आधी किल्ल्या हरवल्या, मग दुधाचा हिशेब चुकू लागला, मग एका रविवारी उपासनेच्या मध्येच त्या उठून, "शाळा सुटली का?" म्हणाल्या. लोक हसले. वयामुळे होतं, असं म्हणून दीडएक वर्ष गेलं आणि डॉक्टरांकडे न्यायला उशीर झाला. हे फार घरांत होतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीचा अंदाज असा आहे की भारतात साठीपुढच्या माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना स्मृतिभ्रंश आहे. साठीपुढची बरीच माणसं असलेल्या कोणत्याही मंडळीत अशी दोन-चार घरं सापडतील, पण त्यांची नावं घरभेटीच्या यादीत नसतात.

या आजारात जुनी आठवण उशिरा जाते आणि ताजी आधी. दिवस मावळायला लागला की बेचैनी वाढते. बाई स्वतःच्याच घरात, "मला घरी जायचंय" म्हणत दाराशी उभ्या राहत. घर म्हणजे नगरकडचं. वहिनींना त्या शाळेतली शिपाईबाई समजत आणि हुकूम सोडत. दादा समोर आले की डोक्यावर पदर घेत आणि त्यांना "अहो" म्हणत. मुलाला नवरा समजत होत्या त्या. मी परिचारिका म्हणून हे अनेकदा पाहिलं आहे, पण पोटच्या मुलाला ते किती लागत असेल याचा अंदाज मला दादांचा चेहरा पाहून आला. दादा घराबाहेर का राहत याचं अर्धं उत्तर तिथे आहे. त्यांचं मंडळीवरचं प्रेम खोटं नव्हतं. पण आईने "अहो, जेवायला वाढू का?" म्हणावं हे ऐकण्यापेक्षा त्यांना कमिटीची बैठक सोपी होती.

एकदा भर दुपारी बाई चप्पल न घालता खडकी स्टेशनकडे निघाल्या. रुळांच्या अलीकडे एका रिक्षावाल्याने त्यांना ओळखलं आणि परत आणलं. त्यानंतर वहिनी आंघोळीला जाताना बाईंचा एक पाय ओढणीने पलंगाला बांधून ठेवू लागल्या. शेजारणीने ते पाहिलं आणि दोन दिवसांत मंडळीच्या वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रार्थनेचा विषय आला: एका घरात वृद्ध मातेचा छळ होत आहे, त्या सुनेच्या हृदयपालटासाठी प्रार्थना करा. नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती.

मला याचा आजही संताप येतो. कोणाच्या घरचं गाऱ्हाणं प्रार्थनेचा विषय म्हणून पाठवलं की चहाडी केल्याचं पाप लागत नाही, असं आपल्याला वाटतं. त्या ग्रुपवर शंभराच्या वर माणसं. प्रत्येकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि वहिनींच्या आंघोळीच्या पंधरा मिनिटांपुरतं बाईंजवळ बसायला मात्र कोणी गेलं नाही. बांधून ठेवणं बरोबर नाहीच. पडून हाड मोडण्याचा धोका त्याने वाढतो आणि माणूस आणखी घाबरतो. पण ते का करावं लागलं हे विचारणारं एकही माणूस त्या दारात आलं नव्हतं, आणि ते विचारल्याशिवाय वहिनींना दोष देण्याचा हक्क कोणाला नव्हता.

फ्लॅट आणि कायदा

याच सुमारास सोसायटीचा पुनर्विकास ठरला. बिल्डर आला, मोठे फ्लॅट, दोन वर्षांचं भाडं आणि प्रत्येक सभासदाला कॉर्पसची, म्हणजे एकरकमी मोबदल्याची, रक्कम देऊ म्हणाला. फ्लॅट अजून वारलेल्या यजमानांच्या नावावर होता, नॉमिनी म्हणून बाईंचं नाव. दादांना वाटलं की आई आणि ताईंनी हक्कसोडपत्र करून दिलं की प्रश्न मिटेल. धाकट्याची हरकत नव्हती. ताईंची होती.

इथे कायदा समजून घ्यायला हवा, कारण आपल्या समाजात त्याबद्दल फार गैरसमज आहेत. मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मिळकतीला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्यात विधवेला एक तृतीयांश मिळतो आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये सारखे वाटले जातात. मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. म्हणजे या घरात नऊ भाग केले तर तीन बाईंचे आणि दादा, ताई, धाकटा यांचे प्रत्येकी दोन. सर्वांत मोठा हिस्सा बाईंचा होता. नॉमिनी असण्याने मालकी ठरत नाही आणि घर सांभाळल्यानेही ठरत नाही. कागदावर मुलीला समान हक्क देणारा हा कायदा शंभर वर्षं जुना आहे, तरी प्रत्यक्षात आपल्याकडे बहिणीने सही करून द्यायची ही रीत शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखीच चालत आली. "बहीण हिस्सा मागते म्हणजे माहेर तोडते," हे वाक्य मी ख्रिस्ती घरांतही ऐकलं आहे, आणि म्हणणारी माणसं रविवारी पहिल्या बाकावर बसणारी होती.

बाईंचा अंगठा हा तर त्याहून गंभीर मामला. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्यानुसार करार करतेवेळी माणसाला तो समजला पाहिजे आणि आपल्या हिताचं काय हे ठरवता आलं पाहिजे. बाईंना वार सांगता येत नव्हता. त्यांचा अंगठा घेतला असता तर तो कागद कायद्याने टिकला नसता. आणि टिकला असता तरी काय? आईला न कळता तिचं घर तिच्या हातून काढून घेणं याला देवासमोर दुसरं काय नाव आहे?

दादांचं म्हणणं होतं, "आमच्या एका सहीसाठी सगळी सोसायटी अडलीय. पुढेमागे आईचं सगळं मलाच करायचंय, मग कागद आज झाला काय आणि उद्या झाला काय." यातलं पहिलं बरोबर नव्हतं. राज्य सरकारच्या २०१९ च्या निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. दुसरं वरकरणी बरोबर होतं, फक्त जे करायचं ते दादा करत नव्हते, वहिनी करत होत्या, आणि त्यांचं नाव कोणत्याच कागदावर नव्हतं.

नकार

दादांनी ज्या दोघांना साक्षीदार म्हणून विचारलं त्यांतले एक काका, कारखान्यातूनच निवृत्त झालेले, बाईंच्या यजमानांचे सोबती. मंडळीत त्यांना कोणी फारसं विचारत नसे. प्रार्थनेला उठले तर दोन वाक्यांत बसणारा माणूस. ते दादांना म्हणाले, "मी परवा येऊन गेलो. वहिनीने, म्हणजे तुझ्या आईने, मला विचारलं, नगरची गाडी किती वाजता आहे. तिला काय कळणार आहे? आणि तिला कळलं अशी सही मी कशी करू?"

मग त्यांनी जे केलं ते मला या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं. ते कोणाशी बोलले नाहीत. ग्रुपवर काही टाकलं नाही. त्याच संध्याकाळी एकटे दादांच्या घरी गेले आणि गच्चीवर त्यांच्याशी तासभर बोलले. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेली रीत हीच आहे: भावाने अपराध केला तर आधी तो आणि तू एकांतात, ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना घेऊन, मग मंडळी. आपण नेमकं उलट्या क्रमाने जातो. आधी मंडळी, मग एकदोघे, आणि ज्याचा विषय त्याच्या कानी सर्वांत शेवटी. दादांनी त्या दिवशी ऐकलं नाही. काका दुसऱ्या वेळी पाळकसाहेबांना घेऊन गेले. तेव्हाही दादा म्हणाले, "हा आमच्या घरचा प्रश्न आहे."

तो फक्त घरचा प्रश्न नव्हता. कारण त्यात मंडळीचे पैसे होते.

देणगी

त्याआधीच्या हंगामाच्या सणाला दादांनी मंडळीच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलसाठी वडिलांच्या स्मरणार्थ मोठी देणगी जाहीर केली होती. रक्कम कॉर्पसमधून येणार होती. पुलपीटवरून घोषणा झाली, टाळ्या झाल्या, कोनशिलेचा मजकूरही ठरला. म्हणजे ज्या पैशांतला मोठा वाटा बाईंचा होता त्यावर मंडळीचा हॉल उभा राहणार होता, आणि बाईंना डायपर परवडतात का हे कोणी विचारलं नव्हतं. (परवडत नव्हते. वहिनी जुन्या सुती साड्यांचे तुकडे धुऊन वापरत होत्या.)

कमिटीच्या बैठकीत पाळकसाहेबांनी मार्काच्या सातव्या अध्यायातला कुर्बानचा उतारा वाचला. आईबापांना ज्याचा आधार व्हायचा ते देवाला अर्पण केलं असं म्हणून माणूस मोकळा होतो, आणि धर्माची माणसं त्याला आईबापांसाठी काही करू देत नाहीत, असं येशू तिथे परूश्यांना आणि शास्त्र्यांना सुनावतो. हा उतारा आपण मुलांसाठी वापरतो, आईबापांचा मान राखा म्हणून. पण येशूचा रोख अर्पण स्वीकारणाऱ्यांवर आहे. त्या बैठकीत ते स्वीकारणारे आम्ही होतो.

दादा बैठकीला नव्हते. चर्चा कडू झाली. एकजण म्हणाले, "देणारा देतोय, आपण त्याच्या घरात का शिरायचं?" दुसऱ्यांनी तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय काढला: विधवांची काळजी ज्याच्या त्याच्या घराने घ्यावी, मंडळीवर भार नको. त्यांना मी म्हटलं की तोच अध्याय असंही सांगतो की मुलानातवंडांनी देवभक्ती आधी स्वतःच्या घरात शिकावी, आणि घरच्यांची तरतूद न करणाऱ्याने विश्वास नाकारल्यासारखंच आहे. आणि घरात शिरण्याचं म्हणाल तर ज्या दिवशी आपण त्या घराच्या पैशांवर टाळ्या वाजवल्या त्या दिवशीच आपण आत शिरलो.

शेवटी ठराव झाला: बाईंचा आणि ताईंचा हिस्सा कायदेशीर वेगळा होईपर्यंत ही देणगी घ्यायची नाही, आणि ज्या घरात कोणी अंथरुणावर आहे तिथून मोठी देणगी आली तर आधी पाळकांनी घरी जाऊन बोलायचं. हॉलचं काम थांबलं. काही लोकांना ते अजून पटलेलं नाही. मला वाटतं, आमच्या मंडळीने इतक्या वर्षांत केलेल्या उपासनांपैकी ती बैठक एक होती.

कोर्ट

ताईंचा भाग अवघड होता. त्या महिन्यातून एकदा येत, बाईंचं अंग तपासत, वहिनींना बोलत आणि संध्याकाळच्या एसटीने परत जात. "आईचं काय करून ठेवलंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हिस्सा त्यांचा होताच, पण रात्री तीनदा उठण्यातला हिस्सा त्यांनी कधी मागितला नव्हता. त्यांनी दादांना वकिलाची नोटीस पाठवली तेव्हा मंडळीत गहजब झाला. करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या सहाव्या अध्यायाचा दाखला देऊन त्यांना सांगण्यात आलं की विश्वासी माणूस विश्वासी भावाविरुद्ध कोर्टात जात नाही.

पौल तसं म्हणतो, पण त्याच श्वासात विचारतो की भावाभावांमध्ये निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही काय? ज्या मंडळीने निवाडा करायला कधी वेळ काढला नाही तिने कोर्टाची वाट बंद करणं म्हणजे दुबळ्याला गप्प करणं. पाळकसाहेबांनी हे ताईंना स्वच्छ सांगितलं: "आम्हाला तीन महिने द्या. आम्ही निवाडा करू शकलो नाही तर तुम्ही खुशाल जा, तुमच्याविरुद्ध कोणी बोलणार नाही." मग त्यांनी काका, मंडळीतल्या एक वकीलबाई आणि शेजारच्या मंडळीतले एक निवृत्त मुख्याध्यापक अशा तिघांना नेमलं. मुख्याध्यापक बाहेरचे असणं फार कामाला आलं. त्यांना दादांकडून ना काही घ्यायचं होतं ना काही द्यायचं.

तिघांसमोर भावंडं बसली. धाकटा मस्कतहून व्हिडिओ कॉलवर. वहिनींनाही बसवलं; हा आग्रह वकीलबाईंचा होता. पहिल्या बैठकीत वहिनी दोन तास एक शब्दही बोलल्या नाहीत. दुसऱ्या वेळी त्यांनी एक वही आणली. बाई रात्री किती वेळा उठल्या, काय खाल्लं, कपडे किती वेळा बदलले, हे त्या कितीतरी महिने रोज लिहीत होत्या. डॉक्टरांना दाखवायला म्हणून. ती वही फिरली. ताईंनी ती पूर्ण वाचली आणि त्यानंतर "आईचं काय करून ठेवलंय" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही.

निवाडा असा: हक्कसोडपत्र कोणीही करायचं नाही. नवा फ्लॅट नऊ भागांच्या हिशेबाने वारसांच्या नावे. बाईंच्या वतीने सही करायची तर आधी न्यायालयाकडून पालक नेमून घ्यायचा; मुंबई उच्च न्यायालयाने अशा अवस्थेतल्या माणसांसाठी जवळच्या नातेवाइकांना पालक नेमल्याची उदाहरणं आहेत, त्या वाटेने अर्ज करायचा, दादा आणि ताई दोघांच्या नावाने. कॉर्पसमधला बाईंचा तृतीयांश वेगळ्या खात्यात, फक्त त्यांच्या शुश्रूषेसाठी. धाकटा दरमहा एका रात्रपाळीच्या मदतनिसाचा पगार पाठवील. म्हणजे शेवटी न्यायालयात जावं लागलंच, पण भावंडं एका बाजूला उभी राहून गेली.

बुधवार आणि शनिवार

घरातल्या कामाचं काय, हा प्रश्न निवाड्याने सुटणारा नव्हता. आमची घरभेट म्हणजे चारपाच बायकांनी जायचं, एक स्तोत्र, एक प्रार्थना, आणि यजमानीण सगळ्यांना चहा करणार. आजाऱ्याच्या घरी अशा भेटीने मदत होत नाही, कपबशा वाढतात. म्हणून आम्ही रीत बदलली. बुधवारी दुपारी महिला मंडळाची उपास-प्रार्थना असते, त्या वेळात दोघीजणी बाईंकडे जातात. पाच मिनिटं प्रार्थना, मग वहिनींनी घराबाहेर पडायचं. कुठे जायचं ते त्यांनी ठरवायचं. चहा घ्यायचा नाही. शनिवारी तरुण संघातली दोन मुलं जातात.

मुलगे जाणार यावर कुरकुर झाली. तेव्हा काकांनी प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्याय उघडून दिला. रोजच्या वाटणीत विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी त्या कामावर सात जण नेमले आणि ते सातही पुरुष होते. यावर कोणी काही बोललं नाही. मुलांना मी दोन रविवार शिकवलं: समोरून येऊन बोलायचं, वाद घालायचा नाही, "घरी जायचंय" म्हणाल्या तर "हे तुमचंच घर आहे" असं न म्हणता घराबद्दल विचारायचं, अंगणात काय होतं, विहीर किती लांब. बेचैनी बहुधा उतरते. दाराला वर, नजरेच्या टप्प्याबाहेर कडी बसवली आणि ओढणीची गरज संपली.

तरुण संघातला एक मुलगा पेटी वाजवतो. त्याने एकदा सहज टिळकांचं एक पद सुरू केलं. ज्या बाईंना मुलाचं नाव आठवत नव्हतं त्यांनी पदाची सगळी कडवी म्हटली, आणि त्याचा एक सूर चुकला तिथे त्याला थांबवलं. लहानपणी तालासुरात पाठ झालेलं या आजारात फार उशिरापर्यंत टिकतं, हे मला माहीत होतं. तरी मी पाहत राहिले.

प्रभुभोजन

बाईंना प्रभुभोजन द्यावं का, यावर खरा धर्मशास्त्रीय पेच पडला. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात म्हटलं आहे की माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग भाकर खावी. बाई आत्मपरीक्षा कशी करणार? कमिटीतल्या एका ज्येष्ठांची ही शंका प्रामाणिक होती. पाळकसाहेबांनी आठवडाभर विचार केला. त्यांचं उत्तर मला पूर्ण पटतं. करिंथात पौल ज्यांना खडसावतो ते भरल्या पोटाने आधी खाऊन घेणारे आणि गरिबांना उपाशी ठेवणारे लोक आहेत. ती ताकीद विसरभोळ्या म्हातारीवर टाकणं म्हणजे तिचा रोखच फिरवणं. आणि बाईंचा बाप्तिस्मा त्यांच्या आठवणीवर टिकून नाही. ज्याने त्यांना धरलं आहे त्याला त्या आठवतात, आणि त्याच्या वतीने आठवण ठेवायला मंडळी आहे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी आता घरी प्रभुभोजन होतं. गिळायला त्रास होतो म्हणून भाकरीचा अगदी लहान तुकडा द्राक्षरसात भिजवून देतात. "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सुरू झालं की बाई हात जोडतात आणि बरोबर म्हणतात. काही वेळा मध्येच थांबतात. तिथून पुढे वहिनी म्हणतात.

दादा

पाळकसाहेबांनी दादांना वर्षभर खजिनदारपद सोडायला सांगितलं. शिक्षा म्हणून नाही, तर बाईंची संध्याकाळ दादांनी सांभाळावी म्हणून, आणि हे त्यांनी उपासनेत सर्वांसमोर नीट समजावलं. तरी लोकांनी त्याला शिक्षाच मानलं आणि दादा काही महिने मागच्या बाकावर बसत. गायनमंडळातूनही त्यांना काढलं ते मला चूक वाटलं आणि मी तसं पाळकसाहेबांना सांगितलं. आठवड्यातला एक तास माणसाला गायला हवा. पुढे ते परत घेतलं गेलं.

आईने "अहो" म्हटलं की काय करायचं हे दादांना कोणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, दुरुस्त करू नका, नुसतं "हो" म्हणा आणि वाढलेलं जेवा. आता सात वाजता दादा घरी असतात. बाई ताट मांडून घेतात, त्यांना वाढल्यासारखं करतात, दादा जेवतात. वहिनी त्या वेळात आतल्या खोलीत पाठ टेकतात. ताई आता बाईंना नगरला नेण्याचा हट्ट धरत नाहीत, कारण नवी जागा या आजारात फार त्रासाची होते. त्याऐवजी सुट्टी काढून आठवडा-आठवडा बोपोडीला राहतात आणि वहिनी श्रीरामपूरला माहेरी जातात. दोघींचं फार जमत नाही, पण ती वही दोघी लिहितात.

पालकत्वाचा आदेश झाला आहे, बिल्डरशी करारही झाला. आता इमारत रिकामी करायची आहे आणि बाईंना दोन वर्षं दुसरीकडे न्यायचं आहे. ओळखीची गल्ली, तोच दूधवाला, तेच शेजारी राहिले तर बाई कमी घाबरतील, म्हणून आम्ही बोपोडीतच तळमजल्यावरची जागा भाड्याने शोधत आहोत. एका मालकाने आजारी म्हातारं माणूस नको म्हणून सांगितलं. येत्या शनिवारी काका आणि तरुण संघातली मुलं स्टेशनच्या बाजूच्या दोन जागा पाहून येणार आहेत.